रिपोर्टात जंतू आहेत, पण जखमेत संसर्ग आहे का?

निपाणीजवळच्या एका गावातल्या सुनेचं हे पत्र. सासऱ्यांचं वय साठीच्या पुढे, साखर बारा वर्षांपासूनची. नवी चप्पल लागून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला फोड आला, तो फुटला आणि जखम झाली. त्याला सहा आठवडे होऊन गेले. निपाणीतल्या डॉक्टरांनी सुरुवातीला गोळ्यांचा कोर्स दिला, लाली उतरली, पू थांबला. पुढे पट्टीवर हिरवट डाग दिसला म्हणून ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने जखमेचं पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, ‘स्यूडोमोनास, हेवी ग्रोथ’, म्हणजे या नावाचे जंतू भरपूर. कुठलीच गोळी चालणार नाही, फक्त इंजेक्शनं चालतील, असंही त्यात आहे. डॉक्टर म्हणतात, जखम स्वच्छ आहे, अँटिबायोटिक नको. पुण्यातला दीर रिपोर्टाचा फोटो बघून म्हणतो, डॉक्टर हलगर्जी आहेत, आजच्या आज कोल्हापूरला ॲडमिट करा. सासरे म्हणतात, मला काही दुखत नाही, उसाला तोड आलीय, मी रानात जाणार. ‘रोजची पट्टी मी बदलते, त्यामुळे घरात सगळे मलाच विचारतात. मी रिपोर्टावर विश्वास ठेवू की डॉक्टरांवर? जखम भरतेय की नाही हे सांगणारी एखादी पक्की टेस्ट आहे का?’

ताई,

तुमच्या घरात रिपोर्ट एका बाजूला आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूला अशी फळी पडलीय. पत्र दोनदा वाचलं, तेव्हा मला तरी यांच्यात भांडण दिसलं नाही. लॅबला विचारलं होतं, या बोळ्यावर कोणते जंतू आहेत? तिने खरं तेच सांगितलं. डॉक्टर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत. हे जंतू मामंजींच्या मांसात शिरून त्रास देतायत का, हा तो प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘भरपूर’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असं एकाच वेळी असू शकतं, आणि जुन्या जखमेत बऱ्याचदा तसंच असतं.

सहा आठवडे उघडी राहिलेली कुठलीही जखम निर्जंतुक नसते. तुमच्या-माझ्या धडधाकट कातडीवरही जंतू आहेतच. रानाच्या वरच्या मातीत हात घातला तर दहा प्रकारचं बी सापडेल, त्यावरून पीक कशाचं आहे ते कळत नाही. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की सिस्टरने पट्टी सोडली आणि ‘लगेच, पुसायच्या आधीच’ कापूस वरून फिरवला. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली ही सर्वांत मोलाची ओळ. असा नमुना घेतला की पट्टीखालच्या ओलाव्यात वाढलेलं सगळं त्यात येतं. स्यूडोमोनासला तर ओलावाच प्रिय. हिरवट डाग आणि किंचित गोडसर वास ही त्याची ओळख, आणि पट्टी बराच वेळ ओली राहिली की तो हजर होतो. नमुना घ्यायची बरी पद्धत अशी: आधी जखम सलाईनने धुवायची, वरचा पिवळा-पांढरा थर काढून टाकायचा आणि मग खालच्या मांसाचा छोटा तुकडा खरवडून घ्यायचा. तुकडा घेणं जमत नसेल तर स्वच्छ केलेल्या भागावर, एका चौरस सेंटिमीटरच्या जागेत, बोळा दाबून पाचेक सेकंद फिरवायचा. तेव्हा कुठे आतलं काही हाती लागतं. आणि संसर्गाची लक्षणंच नसतील तर नमुना न पाठवणंच बरं, असं मधुमेही पायाचे जाणकार सांगतात. कारण कागद हातात आला की कुणाला ना कुणाला इंजेक्शन द्यावंसं वाटतंच.

मग संसर्ग ओळखायचा कशावरून? याचं उत्तर दिरांना आवडणार नाही, पण ते डोळ्यांनी आणि हातानेच ओळखायचं असतं. जखमेभोवतीची लाली, उष्णता, सूज, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवलीत. आपल्या सुश्रुतसंहितेतही व्रणाचा रंग, वास, स्राव आणि वेदना बघून शुद्ध कोणता आणि दुष्ट कोणता हे ठरवायला सांगितलंय. आजचे नियम त्याच वाटेने जातात, फक्त मापं नेमकी झालीत. मधुमेही पायाला सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणं, ऊब आणि पू, यांतली किमान दोन लक्षणं असली, आणि त्यांना दुसरं काही कारण नसलं, तर संसर्ग धरायचा. लाली दोन सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली, किंवा खोलवर गळू झालं, तर तो मध्यम. ताप, धडधडणारी नाडी, जोराचा श्वास आला तर गंभीर. तुमच्या वर्णनात आज यातलं काही नाही. म्हणून अँटिबायोटिक न देण्याचा डॉक्टरांचा निर्णय मला पटतो. नको तिथे भारी इंजेक्शनं दिली तर जखम लवकर भरत नाही, उलट खरी गरज पडेल त्या दिवशी ती चालेनाशी होतात. यातली काही इंजेक्शनं मूत्रपिंडावरही येतात, आणि बारा वर्षं साखर असलेल्या माणसाची किडनी आधीच जपायची गोष्ट आहे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. पण आता माझी खरी काळजी पुढे आहे.

मामंजी म्हणतात ‘दुखत नाही’, आणि घरातल्या सगळ्यांनी ती चांगली खूण धरलीय. बारा वर्षांच्या साखरेनंतर तळव्याला इतकी जखम असून माणूस दुखल्याशिवाय रानात चालतो, याचा अर्थ पायाची जाणीव गेलीय. चप्पल चावत होती तेव्हा कळलं नाही, म्हणून तर फोड फुटेपर्यंत गेला. अशा पायात वेदना हे लक्षण हिशोबातून बाद होतं. सावळ्या कातडीवर लालीही पटकन दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. उरतं काय? सूज, ऊब, पाणी-पू, वास. आणि एक लक्षण जे पायात दिसतच नाही: जेवणखाण तेच असताना साखर अचानक चढणं. बऱ्याच मधुमेहींत आत संसर्ग असूनही ताप येत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढत नाहीत, पण साखर बिथरते. तुमच्या पत्रात पायाबद्दल दोन पानं आहेत आणि साखरेचा एकही आकडा नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिता, ‘सुरुवातीला रुपयाएवढी होती, आताही रुपयाएवढीच आहे, पण लाल आणि स्वच्छ दिसते.’ लाल, दाणेदार मांस हे चांगलंच. पण सहा आठवड्यांनी जखम तेवढीच असेल तर ती भरत नाहीये. मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ योग्य उपचार सुरू केल्यापासून चार आठवड्यांत निम्म्याच्या आसपास कमी व्हायला हवं. तसं झालं नाही तर आहे तेच चालू ठेवून ती भरण्याची शक्यता फार कमी. तेव्हा डॉक्टर ‘स्वच्छ आहे’ म्हणतात ते खरं असलं तरी तिथेच थांबलेलं मला चालणार नाही. जंतूंमुळे नसेल तर कशामुळे अडलीय, हे शोधायला हवं. म्हणजे दीर ‘काहीतरी करा’ म्हणतायत ते बरोबर आहे. करायचं काय, एवढ्यातच ते चुकले.

तुमच्या जागी मी असतो तर याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे मामंजींना घेऊन गेलो असतो आणि चार गोष्टी मागितल्या असत्या. ‘टेस्ट लिहून द्या’ असं मोघम म्हटलं तर हाती पुन्हा एक कागद येईल. इकडे रिपोर्ट इंग्रजीत, केसपेपर कानडीत आणि काळजी मराठीत, त्यामुळे काय मागायचं ते वहीत लिहूनच न्या.

पहिलं हाडाचं. अंगठ्याच्या बुडाशी कातडीखाली लगेच हाड असतं. जखम स्वच्छ करून डॉक्टर बोथट टोकाची निर्जंतुक सळई हलक्या हाताने तळाशी टेकवतात. टणक, खरखरीत काही लागलं तर हाडापर्यंत वाट गेलीय, आणि हाडात संसर्ग असण्याचा संशय खूप वाढतो. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि मशीन लागत नाही. माझ्या मते सगळ्यांत जास्त विसरली जाणारी तपासणी हीच. जोडीला पायाचा एक्स-रे. हाडातला बदल एक्स-रेत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. तुमचे सहा झालेत, त्यामुळे आता काढलेला फोटो काहीतरी सांगेल. तो साफ आला आणि संशय राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. रक्ताचा ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का हे सुचवणारी साधी तपासणी) सत्तरच्या वर असेल तर संशय आणखी पक्का, मग एमआरआय. हाडात संसर्ग निघालाच तर मात्र जंतू कोणता याला खरी किंमत येते. पण त्यासाठी नमुना हाडाचा हवा, पट्टीखालच्या पाण्याचा चालणार नाही. हा जुना रिपोर्ट तेव्हाही उपयोगाचा नाही.

दुसरं रक्तपुरवठ्याचं. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का, हे डॉक्टरांनी बोटांनी बघायचं. मग घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. हे उत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होतात, म्हणून आकडा १.३ च्या वर आला तर तो खूश होण्यासारखा नाही, फसवा आहे. तेव्हा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) किंवा पायाच्या बोटातला दाब बघावा लागतो. रक्तच पोचत नसेल तर कुठलंही महागडं मलम काही करणार नाही.

तिसरं साखर, रोजची आणि तीन महिन्यांची एचबीएवनसी. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

चौथं म्हणजे पायावरचा भार, आणि मला सगळ्यांत जास्त संशय याचाच आहे. ‘कडेने पांढरं कडक कातडं येतं, ते मी ओलं करून काढते’ असं तुम्ही लिहिलंय. ते कडक कातडं म्हणजे घट्टा. जिथे दाब पडतो तिथेच तो येतो. म्हणजे मामंजी रोज त्याच जागेवर वजन टाकून सरीतून चालतायत, आणि तुम्ही संध्याकाळी जे भरून आणता ते सकाळी पुन्हा दाबलं जातंय. तो घट्टा डॉक्टरांनी किंवा शिकलेल्या सिस्टरने ब्लेडने तासायचा. घरी ओढून काढू नका. पायावरचा भार उतरवायला गुडघ्यापर्यंतचं खास प्लॅस्टर असतं, किंवा पुढचा भाग मोकळा ठेवणारा बूट मिळतो. तेही जमलं नाही तर निदान जाड फेल्ट (नमद्यासारखं दाट कापड) कापून जखमेभोवती लावून देतात. प्लॅस्टर लावण्याआधी रक्तपुरवठा बघणं गरजेचं, म्हणून ते दुसरं आधी. अंगठ्याचं वळं असलेली चप्पल आता या पायात पुन्हा नको. अथणीची असो नाहीतर कोल्हापूरची, तिचा दोष नाही, पण जाणीव गेलेल्या पायासाठी ती नाही. उसाच्या तोडीला यंदा दुसरं कुणी उभं राहू दे. तोडवाले मामंजींसाठी थांबणार नाहीत आणि जखमही थांबणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भरतेय हे कळणारी पक्की टेस्ट. ती तुमच्याच घरात आहे, पण रुपया सोडा. एक तर रुपयाची नाणीच लहान-मोठी निघालीत, आणि डोळा रोज बघून फसतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पट्टी काढून जखम सलाईनने धुतल्यावर सर्वांत लांब बाजू आणि तिला आडवी सर्वांत रुंद बाजू सेंटिमीटरात मोजा आणि गुणाकार वहीत लिहा. समजा आज २.४ गुणिले २, म्हणजे ४.८. चार आठवड्यांनी १.७ गुणिले १.४ झालं तर २.४ च्या आत, म्हणजे निम्म्याला आलं. डोळ्याला मात्र लांबी थोडीशीच घटल्यासारखी वाटेल आणि घरात ‘फरक नाही’ म्हणतील. उलटही होतं, कडा कोरड्या पडल्या की जखम लहान भासते. आकार वेडावाकडा असेल तर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन थर ठेवून वरच्या थरावर मार्करने कड गिरवा, खालचा थर टाकून द्या आणि वरचा मुलांच्या आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजा. घट्टा तासल्यानंतर पहिल्यांदा मोजाल तेव्हा जखम आधीपेक्षा मोठी निघेल. घाबरू नका, ती होतीच, कातड्याखाली झाकलेली होती. तिथूनच मोजणी सुरू करा.

फोटो काढायचा तर घराच्या सोप्यात, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी मोजपट्टी आणि तारखेचा कागद ठेवून, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. दिरांना तोच पाठवा. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत गुलाबी मांसही काळपट येतं आणि मग पुण्याहून फोन येतात. फोटोखाली चार शब्द लिहा: तळ लाल की पिवळा की काळा, कड आत सरकतेय का, पट्टी किती भिजली, वास कसा. कडेने फिकट गुलाबी, पातळ नवी कातडी आत येताना दिसली की समजा गाडी रुळावर आहे.

उबेसाठी रोज एक करा. दोन्ही पाय पंधरा मिनिटं उघडे ठेवून बसवा, मग तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांची तीच जागा चाचपा. कोरोनात घेतलेला कपाळाला धरायचा तापमापक पडून असेल आणि त्यात वस्तूचं तापमान बघायची सोय असेल तर अंदाजासाठी तोही चालेल. फरक २.२ अंश सेल्सिअसहून जास्त राहू लागला तर आत काहीतरी पेटतंय असं धरून दाखवून या. संसर्गच असेल असं नाही, पण दाखवायचं.

जांभळा उजेड टाकून जंतू चमकवणारे कॅमेरेही आता निघालेत. त्यात बरेचसे जंतू लाल दिसतात, स्यूडोमोनास निळसर-हिरवा. कुठला भाग जास्त साफ करायचा, नमुना कुठून घ्यायचा, हे ठरवायला ते छान आहेत. पण चमकणारे जंतू म्हणजे संसर्ग नव्हे, हा मुद्दा तिथेही सुटत नाही. त्यासाठी कुठे धावाधाव करू नका.

पट्टी भिजली की त्याच दिवशी बदला. चिकटली असेल तर सलाईनने ओली करून सोडवा, ओढू नका. स्वच्छ लाल जखमेत रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, नवं मांसही त्यात जळतं. आणि शेजारच्या आजींनी सुचवलेली तंबाखूची पूड अजिबात नको. निपाणीत तंबाखू घरोघरी असते म्हणून ती जखमेचं औषध होत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालंय ते डॉक्टरांना सांगा.

कोल्हापूरला जायची वेळ येऊ शकते, तीही ओळखून ठेवा. लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे सरकली (कडेला पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे वाद राहत नाही), बोट काळं किंवा निळं पडलं, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली, घाण वास सुटला, थंडी-ताप आला, माणूस गुंगीत गेला किंवा साखर आवरेनाशी झाली, तर रिपोर्ट, दीर, ऊस कशाचीही वाट न बघता त्याच तासाला निघा. १०८ ला फोन करा. अशा वेळी कोल्हापूर की बेळगावचं सिव्हिल हे अंतर आणि वाहन बघून ठरवा, अभिमान बघून नको. हे काही नसेल, पण वरच्या चार तपासण्यांत हाड किंवा रक्तपुरवठा बिघडलेला निघाला, तर दोन-चार दिवसांत ठरवून मोठ्या ठिकाणी दाखवा. तिथे जाताना मोजमापाची वही न्या. ती वही या रिपोर्टापेक्षा जास्त बोलेल.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. रेशनकार्डावर कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचं महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. तुमचं गाव त्यात आहे का, कोणते कागद लागतील, आणि त्या हॉस्पिटलात हा उपचार बसतो का, हे ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा मदतनीस) फोन करून विचारा. नंतर विचारलं तर बिल आधी हातात येतं.

राहिलं ताजा कलममधलं, ‘डाळ-अंड्याने पू होतो म्हणून सासूबाई देत नाहीत.’ पू जेवणाने होत नाही. मांस भरायला प्रथिनं लागतात, आणि सहा आठवडे पेज-भाकरीवर ठेवलेल्या माणसाकडून ती यायची कुठून? अंडं, आमटी, मोड आलेली मटकी, खात असतील तर मासे, सगळं द्या. फक्त किडनीचा रिपोर्ट एकदा डॉक्टरांना दाखवून प्रमाण विचारून घ्या. भात साखरेच्या हिशोबाने मोजून. सासूबाई ऐकत नसतील तर पुढच्या खेपेला त्यांनाही दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की अंड्याला परवानगी मिळेल.